जमिनीला टिचकी मारून पाहा!

दोस्तांनो, कलिंगड घ्यायला आजीबरोबर गेलात की ती काय करते? कलिंगड हातात घेते, कानाजवळ नेते आणि बोटानं टिचकी मारते. आवाज पसंत पडला तरच पिशवीत, नाहीतर परत ढिगात! कलिंगड न कापता आत काय आहे याचा अंदाज घेण्याची ही युक्ती.

आता एक कोडं. रस्त्याखाली एक नळ पुरलेला आहे. वर डांबर, खाली खडी, त्याखाली माती. नळ प्लास्टिकचा, त्यामुळे लोहचुंबकाचा काही उपयोग नाही. रस्ता खणायला परवानगी नाही. मग हा नळ कुठून कुठे गेलाय आणि किती खोल आहे, हे कसं सांगाल?

जमिनीला टिचकी मारून! पण ही टिचकी बोटाची नव्हे, रेडिओ लहरींची. या युक्तीचं नाव भूभेदी रडार. कामावरची माणसं त्याला नुसतं 'जीपीआर' म्हणतात.

हे रडार समजून घ्यायला आपण बेलपाड्याला जाऊ या. मनानंच जायचंय, तिकीट नको!

बेलपाड्याच्या पोटात

बेलपाडा हे रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यातलं गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि तिनं खाडीपलीकडे नवी मुंबई वसवायला घेतली. आधीपासून असलेली किती तरी गावं या नव्या शहराच्या कुशीत आली. बेलपाडा आज खारघरच्या वस्तीत आहे. २०१६ पासून इथे पनवेल महानगरपालिका आहे, आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर धावणाऱ्या मेट्रोचं एक स्टेशनही 'बेलपाडा' या नावाचं आहे.

वरून पाहिलं तर दिसतात रस्ते, इमारती, मेट्रोचे उंच खांब. पण शहर जेवढं वर असतं, तेवढंच खालीही असतं, बरं का! पिण्याच्या पाण्याची जलवाहिनी, सांडपाण्याची गटारवाहिनी, पावसाच्या पाण्याचा वेगळा नाला, विजेच्या केबल, टेलिफोन आणि इंटरनेटच्या केसासारख्या बारीक काचतंतूंच्या केबल, स्वयंपाकाच्या गॅसची वाहिनी. ही सगळी मंडळी रस्त्याखाली एकमेकांच्या अंगावर रेलून पडलेली असतात. सकाळी सहाच्या लोकलमध्येसुद्धा एवढी गर्दी नसेल!

यातली प्रत्येक वाहिनी वेगळ्या खात्याची, वेगळ्या वर्षी टाकलेली. कुणाचा नकाशा आहे, कुणाचा हरवला. काही नकाशांवर नळ जिथे टाकायचा ठरला होता तिथे दाखवलेला असतो. प्रत्यक्ष कामाच्या दिवशी मध्ये कातळ आला म्हणून तो दोन हात बाजूनं नेला, हे मात्र कागदावर कुणी लिहिलेलंच नसतं.

आणि एके दिवशी तिथे जेसीबी येतो.

फुटला की कळतं

'फुटला तर फुटला नळ, दुरुस्त करतील की!' असं म्हणू नका. मुंबईत काय झालं ते ऐका.

ठाण्यात कुणीतरी पाण्यासाठी बोअर खणला. तो खाली खाली जात थेट मुंबई महापालिकेच्या जलबोगद्यात घुसला. या बोगद्यातून भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे पाणी जातं. गळती थांबवण्यासाठी बोगदा रिकामा करावा लागला आणि ३१ मार्च २०२३ पासून महिनाभरासाठी मुंबईत १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली. एक बोअर, आणि पाणी तोडलं सगळ्या शहराचं!

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला अंधेरीत मेट्रोच्या कामाच्या वेळी १८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली. १८०० मिलिमीटर म्हणजे सुमारे सहा फूट. उंच माणूस आत ताठ उभा राहील एवढा मोठा नळ! तोसुद्धा जमिनीखाली असला की वरून दिसत नाही.

पाणी वाया जातं हे वाईटच. पण काही वाहिन्यांतून पाण्यापेक्षा धोक्याच्या गोष्टी वाहतात. मेक्सिको देशात ग्वाडालाहारा नावाचं मोठं शहर आहे. तिथे पेट्रोलच्या पोलादी नळाला अगदी खेटून पाण्याचा नळ टाकला गेला होता. दोन वेगळे धातू, त्यात ओली माती, त्यामुळे पेट्रोलचा नळ गंजून त्याला भोक पडलं. पेट्रोल झिरपत झिरपत गटारात गेलं. २२ एप्रिल १९९२ रोजी एकापाठोपाठ एक स्फोट झाले आणि रस्तेच्या रस्ते उखडले. दोनशेहून अधिक माणसं मरण पावली. पाण्याचा एक नळ चुकीच्या जागी पडला, एवढ्यावरून!

आणि सगळ्यात आधी धोका असतो तो खड्ड्यात उतरून कुदळ मारणाऱ्या माणसाला. कुदळ मातीत पडणार की विजेच्या जिवंत केबलवर, हे त्याला वरून कसं कळावं? म्हणून आधी पाहायचं, मग खणायचं. आता पाहायचं कसं, तेच बघू.

एका पट्टीएवढा क्षण

डोंगरासमोर उभं राहून 'ओऽऽ' अशी हाक मारली तर थोड्या वेळानं तीच हाक परत येते. आवाजाला जायला-यायला किती वेळ लागला हे मोजलं तर डोंगर किती दूर आहे हे काढता येतं. रडारचं गणित नेमकं हेच. फक्त हाक आवाजाची नसते, रेडिओ लहरींची असते.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रेडिओ लहरी मात्र प्रकाशाच्या वेगानं धावतात, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर! मग एक-दीड मीटरवरच्या नळावर आपटून परत यायला त्यांना वेळ तो किती लागणार?

इथे नॅनोसेकंद कामाला येतो. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश हवेत किती जातो ठाऊक आहे? ३० सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या दप्तरातल्या मोठ्या पट्टीएवढा!

जमिनीत मात्र लहरींचा वेग कमी होतो. साधारण ओलसर मातीत त्या नॅनोसेकंदाला सुमारे १० सेंटिमीटर जातात. नळ एक मीटर खोल असेल तर जायला १० आणि यायला १०, असे एकूण २० नॅनोसेकंद. रडारचं घड्याळ एवढा चिमुकला वेळ मोजतं.

यंत्र दिसायला साधंच असतं. बाळाच्या ढकलगाडीसारखी एक गाडी. तिच्या पोटाशी, जमिनीला जवळजवळ टेकलेली एक पेटी. या पेटीत दोन ॲंटेना असतात. एक हाक मारणारी, दुसरी ऐकणारी. गाडीचं चाक किती फिरलं यावरून आपण किती पुढे आलो हे यंत्राला कळतं. माणूस गाडी ढकलत चालतो, पेटी दर थोड्या अंतरावर जमिनीला हाक घालते आणि परत आलेले प्रतिध्वनी पडद्यावर उमटत जातात.

पण हाक जाड की बारीक, हेही ठरवावं लागतं. गणपतीची मिरवणूक लांब असते तेव्हा आधी काय ऐकू येतं? ढोल! झांजांचा बारीक आवाज मिरवणूक जवळ आल्यावरच नीट कळतो. रेडिओ लहरींचंही काहीसं तसंच आहे. कमी वारंवारतेच्या लहरी खोलवर जातात, पण त्यांना बारीकसारीक दिसत नाही. जास्त वारंवारतेच्या लहरींना बारीक दिसतं, पण त्या लवकर थकतात. रस्त्याखालचे नळ शोधायला बहुधा सेकंदाला चाळीस कोटी वेळा हेलकावणाऱ्या, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. फार खोलही नाही, फार उथळही नाही.

पडद्यावर नळ दिसतच नाही!

आता गंमत ऐका. तुम्हाला वाटेल, पडद्यावर नळाचं चित्र येत असेल, डॉक्टरांच्या एक्स-रेसारखं. छे! पडद्यावर दिसते एक कमान. उलट्या वाटीसारखी.

कमान का? गाडी नळाच्या अगदी डोक्यावर असते तेव्हा नळ सर्वांत जवळ असतो आणि प्रतिध्वनी सर्वांत लवकर येतो. पण पेटीची हाक सरळ खालीच जात नाही, टॉर्चच्या झोतासारखी पसरत जाते. त्यामुळे गाडी नळापासून थोडी अलीकडे असली तरी तिरका प्रतिध्वनी येतोच. तिरकं अंतर जास्त, म्हणून वेळ जास्त, म्हणून पडद्यावर ठिपका अधिक खाली. जवळ येता येता ठिपके वर चढतात, नळ ओलांडला की पुन्हा उतरतात. झाली कमान! कमानीचा माथा म्हणजे नळाची जागा.

पण थांबा. मोठा दगडसुद्धा कमान देतो. झाडाचं जाड मूळही देतं. पुरून गेलेला डबासुद्धा देतो! पडद्यावर कुठेही 'मी नळ आहे' असं लिहिलेलं नसतं. मग ओळखायचं कसं?

उत्तर तुमच्या भूमितीच्या तासाला आहे. माणूस एकदाच चालत नाही. रस्त्यावर खडूनं चौकटी आखतो आणि आडव्या रेघांवरून चालतो. पहिल्या रेघेवर कमान, दुसऱ्या रेघेवर कमान, तिसऱ्या, चौथ्या रेघेवरही कमान, आणि सगळ्यांचे माथे जोडले की एक सरळ रेघ! दगड काही असे रांगेत बसत नाहीत. म्हणजे हा नळ असण्याची शक्यता मोठी. एकाच रेघेवर एकटी कमान आली तर तो बहुधा दगड.

आणि कुणी नळाच्या डोक्यावरून नळाच्याच दिशेनं चालत गेलं तर? मग अंतर बदलतच नाही, कमान येत नाही, नुसता एक आडवा पट्टा येतो. तो मातीचा थरही वाटू शकतो. म्हणून दोन्ही दिशांनी चालायचं.

माती कोणती, ते आधी सांगा

आता खरी मेख. वर आपण म्हटलं, मातीत लहरी नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर जातात. पण हा वेग सगळीकडे सारखा नाही. कोरड्या वाळूत तो सुमारे १५ सेंटिमीटर असतो. पाण्यानं भिजलेल्या मातीत तो ६ सेंटिमीटरपर्यंतही उतरतो. मातीत पाणी जितकं जास्त, तितकी लहर संथ.

समजा, यंत्रानं सांगितलं की प्रतिध्वनी २० नॅनोसेकंदांनी आला. जाण्याचा वेळ १० नॅनोसेकंद. आता करा गुणाकार.

कोरडी वाळू असेल, तर नळ १५० सेंटिमीटर खोल.
ओलसर माती असेल, तर १०० सेंटिमीटर खोल.
चिंब भिजलेली माती असेल, तर फक्त ६० सेंटिमीटर खोल!

प्रतिध्वनी एकच आणि उत्तरं तीन. समजा कुणी कोरडी वाळू धरून हिशेब केला आणि जेसीबीवाल्याला सांगितलं, 'दीड मीटरपर्यंत बिनधास्त खण.' जमीन निघाली चिंब. मग ६० सेंटिमीटरवरच काय होईल, ते सांगायला नको. यंत्र खोटं बोललं नाही. मातीबद्दल त्याला चुकीचं सांगितलं गेलं, एवढंच.

यावर उपायही आहेत. कमान पसरट आहे की उभट, यावरून वेग काढता येतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे ओळखीचा नळ. जवळपासच्या चेंबरचं झाकण उघडून नळ किती खोल आहे हे टेपनं मोजायचं, मग त्याच्यावरून रडार फिरवायचं. खोली माहीत, वेळ माहीत, मग वेग काढणं हे पाचवीतलं गणित!

आता बेलपाड्याची जमीन आठवा. एका अंगाला खारघरचे डोंगर, जिथे पावसाळ्यात पांडवकड्याचा धबधबा कोसळतो. तिकडे काळा पाषाण आणि मुरूम. दुसऱ्या अंगाला पनवेलची खाडी, तिकडे खाजणाची काळी, चिकट, खारट माती. अशा सखल जमिनीवर बांधकाम करताना मुरमाचा भराव घालतात. वर मुरूम, खाली चिखल. मे महिन्यात कोरडी, जुलैत चिंब.

यातली खारट माती रडारची मोठी वैरीण. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते. रेडिओ लहर अशा मातीत शिरली की तिची शक्ती मातीतच विरून जाते. खाली नळ असला तरी हाक तिथवर पोहोचतच नाही, मग ओ कुठून येणार? पडदा राहतो कोराच.

उलट बर्फ पाहा. शुद्ध, गोठलेल्या बर्फातून रेडिओ लहरी आरामात जातात. १९२९ साली ऑस्ट्रियामध्ये एका हिमनदीच्या बर्फाची जाडी रेडिओ लहरींनी मोजली गेली होती. आज अंटार्क्टिकाचा तीन-चार किलोमीटर जाडीचा बर्फ विमानातून अशाच लहरींनी मोजतात. तेच तंत्र खाडीच्या खारट चिखलात आलं की एक मीटर खोलीवरच हात टेकतं! अंटार्क्टिकात चार किलोमीटर आणि खाजणात एक मीटरसुद्धा नाही. तंत्र तेच, फरक फक्त जमिनीचा.

म्हणून भूभेदी रडार वापरणाऱ्यानं एक वाक्य पाठ करायला हवं: दिसलं नाही म्हणजे नाही, असं नाही. कोऱ्या पडद्याचे दोन अर्थ होतात. खाली काहीच नाही, हा एक. किंवा खाली आहे, पण माती ओ देऊ देत नाही, हा दुसरा. जो पहिलाच अर्थ धरून कुदळ मारायला सांगतो, तो दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो.

मग करायचं काय?

एकाच साक्षीदारावर विसंबायचं नाही. चांगला पोलीस चौघांना विचारतो, तसंच हे काम.

पहिले साक्षीदार कागद. सगळ्या खात्यांचे नकाशे गोळा करायचे. त्यांच्याबरोबर गावातली जुनी माणसंही. 'पूर्वी इथे बांध होता', 'इकडून ओहोळ वाहायचा, मग भराव टाकला', हे सांगणारे आजोबा यंत्राएवढेच मोलाचे. कारण भराव कुठे आणि खाजण कुठे हे कळलं तर रडारच्या पडद्यावर किती विश्वास ठेवायचा तेही कळतं.

दुसरे साक्षीदार डोळे. चेंबरची झाकणं, व्हॉल्व्ह, खांबावरून खाली उतरणाऱ्या केबल, डांबरावरचे जुने चर. ही सगळी वर आलेली टोकं. दोन झाकणांमध्ये रेघ ओढली की वाहिनी कुठून गेली असेल याचा अंदाज येतो.

तिसरे साक्षीदार यंत्रं. रडार हे त्यातलं एक. दुसरं यंत्र केबल शोधतं. आपल्या घरची वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते, त्यामुळे वाहत्या केबलभोवती चुंबकीय क्षेत्र हेलकावत असतं. हे यंत्र ते 'ऐकतं'. पण केबलमधून वीज वाहत नसेल तर ती गप्प बसते. प्लास्टिकचा नळ तर कायमचाच गप्प! तिथे रडार उपयोगी पडतं, कारण नळातलं पाणी आणि बाहेरची माती यांतला फरक त्याला कळू शकतो. एकाला जे ऐकू येत नाही ते दुसऱ्याला येतं, म्हणून दोन्ही हवीत.

चौथा साक्षीदार सगळ्यात खात्रीचा. जिथे शंका आहे तिथे छोटा चाचणी खड्डा घ्यायचा. तोही यंत्रानं नाही, हातानं, हळूहळू, माती खरवडत. नळ डोळ्यांना दिसला, टेपनं मोजला, मगच 'सापडला' म्हणायचं.

अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेनं २००२ साली या साक्षींना शाळेसारख्या श्रेणी दिल्या. नुसते जुने कागद पाहिले तर 'ड'. जमिनीवरची झाकणंबिकणं मोजून जुळवली तर 'क'. यंत्रानं शोधलं तर 'ब'. खड्डा घेऊन प्रत्यक्ष पाहिलं तरच 'अ'. पाहिलंत ना? एवढं महागडं रडार, पण त्याला पहिला वर्ग नाही!

आणि पाणाड्या? तो हातात काटकी किंवा नारळ घेऊन फिरतो आणि खाली पाणी आहे की नाही ते सांगतो. काळजीपूर्वक घेतलेल्या परीक्षांमध्ये ही काटकी नुसत्या अंदाजाहून सरस ठरलेली नाही. रडार चुकलं तर का चुकलं हे शोधता येतं, माती तपासता येते, हिशेब पुन्हा करता येतो. काटकीला काय विचारणार?

आता रडारच्या मर्यादेची आणखी एक गोष्ट. ठाण्यातला तो बोगदा आठवतो ना? तो जमिनीखाली इतका खोल आहे की ढकलगाडीवरचं रडार तिथवर पोहोचणारच नाही. तिथे एकच गोष्ट उपयोगी पडते. खणण्याआधी विचारणं!

विचारा, मग खणा

विचारण्यासाठी कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगण्यासाठी आधी लिहून ठेवायला हवं. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं होतं. त्या वाटेवर मध्ये मध्ये 'उच्छ्वास' बांधले होते. हवा बाहेर पडायला आणि देखभाल करायला ठेवलेली ही दगडी बांधणी जमिनीच्या वर डोकं काढून उभी असायची. नळ कुठून गेलाय याची खूण आपोआपच राहिली.

आज खूण मोबाइलमध्ये ठेवायचा प्रयत्न चाललाय. २२ मार्च २०२३ रोजी भारत सरकारनं 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप सुरू केलं. खणणाऱ्यानं आधी कळवायचं, मग तिथे ज्यांच्या वाहिन्या असतील त्यांना निरोप जातो. कुणालाही न विचारता केलेल्या खोदाईमुळे देशाचं वर्षाला सुमारे ३००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असा सरकारचाच अंदाज आहे. अमेरिकेत यासाठी २००७ पासून ८११ हा एकच फोन नंबर आहे.

आईबाबांनो, हे तुमच्यासाठीही. अंगणात बोअर घ्यायचा असेल, सोसायटीत कुंपणाचे खांब पुरायचे असतील, तर आधी विचारा. आणि तुमच्या आवारात नवा नळ टाकला जात असेल तेव्हा खड्डा बुजवण्याआधी एक फोटो काढा. भिंतीपासून अंतर आणि खोली टेपनं मोजून सोसायटीच्या वहीत लिहून ठेवा. दहा मिनिटांचं काम. वीस वर्षांनी तिथे कुदळ मारायला येणारा माणूस तुम्हाला ओळखणारही नाही, पण त्या वहीतली एक ओळ त्याला वाचवेल.

करून पाहा

१. कमान काढा. आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर नळापासूनचं अंतर, उभ्या अक्षावर वरून खाली वेळ. नळ १०० सेंटिमीटर खोल, वेग नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर. नळाच्या डोक्यावर वेळ २० नॅनोसेकंद. ७५ सेंटिमीटर बाजूला सरकलात तर तिरकं अंतर १२५ सेंटिमीटर, म्हणजे वेळ २५. १०० सेंटिमीटर सरकलात तर अंतर सुमारे १४१, वेळ सुमारे २८. १५० सेंटिमीटरला अंतर सुमारे १८०, वेळ ३६. हेच दुसऱ्या बाजूलाही करा आणि ठिपके जोडा. (पायथागोरस शिकलेल्या ताईदादाला हे आकडे कसे आले ते विचारा.) मग नळ ५० सेंटिमीटर खोल धरून दुसरी कमान काढा. कुठली जास्त उभट येते?

२. लहर अडवा. घरात छोटा ट्रान्झिस्टर असेल तर तो चालू करून प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. गाणं ऐकू येतं. मग स्टीलच्या डब्यात ठेवून घट्ट झाकण लावा. खरखर ऐकू येईल किंवा आवाज बंदच पडेल. वीज वाहून नेणारा पदार्थ रेडिओ लहरीला आत येऊ देत नाही, हे तुम्हाला घरातच कळेल. खारट माती काही स्टीलएवढी कडक नाही, पण तिची खोड तीच!

३. गल्लीचा नकाशा. आपल्या गल्लीतली सगळी झाकणं, व्हॉल्व्ह आणि जुने चर कागदावर मांडा. 'पाणी', 'गटार', 'वीज', 'टेलिफोन' असे वेगळे रंग द्या. झाकणं रेघांनी जोडा. मग आजी-आजोबांना विचारा, पूर्वी इथे काय होतं? त्यांनी सांगितलेला ओहोळ किंवा विहीर तुटक रेघेनं दाखवा. जी रेघ अंदाजानं काढलीत तिच्यापुढे 'अंदाज' असं लिहायला विसरू नका.

मात्र झाकणं नुसती पाहायची आणि मोजायची, तीही मोठ्या माणसांबरोबर. उघडायची नाहीत, बरं का! आत विषारी वायू असू शकतो.